यंदा बाळू कोणाच्या तंबूत?

कुंदामावशी गेली त्याला आता वर्ष होत आलं, तरी होळी जवळ आली की तिचा फोन येईल असं मला अजून वाटतं. तिच्या फोनला 'हॅलो' नसायचं, 'कसा आहेस' नसायचं. थेट हुकूम. "शनिवारी पहाटे निघायचं. पांघरुणं जास्तीची घे. आणि यंदा बाळू तुमच्या तंबूत." किंवा "यंदा बाळू नंदूच्या तंबूत, तुम्ही आराम करा." एवढं बोलून फोन बंद. आपण 'बरं' म्हणेपर्यंत ती पुढच्या घरी फोन लावत असायची.

बाळू म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. वयाने माझ्याएवढा, चाळिशी ओलांडलेला, कानशिलावर केस पिकलेला, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोराची. त्याच वयात ताप डोक्यात गेला आणि तो तिथेच थांबला. अंगाने वाढत राहिला. दरवर्षी शिमग्याच्या सुमारास मावशी आम्हा सगळ्या भाचरांना बायकापोरांसकट एका धरणाच्या काठी घेऊन जायची. तिथे वनखात्याचं उद्यान आहे, तंबू ठोकायला जागा देतात. धरणाच्या पाण्याला आम्ही आपलं तळंच म्हणायचो. पोरांसाठी ती दोन दिवसांची सहल होती. मावशीसाठी परीक्षा होती, आणि परीक्षेला बसलेले आम्ही होतो. आपल्यामागे बाळूला घरात कोण घेईल, एवढं एकच तिला पाहायचं होतं. म्हणून दरवर्षी तो वेगळ्या घराच्या तंबूत झोपायचा. हे आम्हाला कळत होतं, आम्हाला कळतं हे तिलाही ठाऊक होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. बोरिवली पूर्वेला एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत तिचा संसार झाला. काका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते काम केलं आणि एक दिवस दुपारचा चहा मागून, तो यायच्या आत गेले. घर मावशीच्याच पगारावर चालायचं. अंधेरीच्या एका औषधाच्या कंपनीत ती पॅकिंगला होती, शेवटी शेवटी त्या खात्याची सुपरवायझर झाली. खोका कानाशी नेऊन हलवला की आत एखादी पट्टी कमी आहे का हे तिला समजायचं म्हणे. खरंखोटं कंपनी जाणे, पण ती सवय तिला घरीही होती. माझ्या दुसऱ्या मावशीच्या नंदूला मुलगा झाला तेव्हा तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मावशीने तो कानाशी नेला, हलवला आणि म्हणाली, "वाटेत दोन खाल्लेस ना रे?" नंदूचा चेहरा असा झाला की बाळंतिणीलाही हसू आवरेना.

उंचीला पाच फूट नव्हती, आवाज मात्र चार मजले चढायचा. आमच्याशी मुंबईचं मराठी बोलायची. रागावली किंवा देवाशी बोलायला लागली की मालवणी. रडारड तिला खपत नसे. काका गेले तेव्हा भेटायला येणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावून बसायच्या. मावशी थोडा वेळ ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं, पुढचं बोला." बायका गडबडून जायच्या. असल्या प्रसंगी पुढचं काय बोलायचं असतं हे कोणालाच ठाऊक नसतं. मावशीला वाटायचं, पुढचं काहीतरी असतंच, माणसं आळशीपणा करतात.

बाळू स्वभावाने गोड. दोरीवरचे टॉवेल काढून घड्या घालायचा त्याला नाद. ओले असले तरी घालायचा आणि वर थोपटायचा. पण काही गोष्टी त्याला अजिबात चालत नसत. कुकरची शिट्टी त्यातली पहिली. शिट्टी झाली की कान दाबून मोरीत जाऊन बसायचा, मग बाहेर काढणं कठीण. म्हणून मावशीकडे कुकर नव्हता. जन्मभर तिने भात पातेल्यात शिजवला आणि डाळ आदल्या दिवशी भिजत घालून. दाराची बेल काढून टाकली होती. आम्ही गेलो की कडी वाजवायचो, तीही हळू.

कुडाळजवळच्या गावी दर शिमग्याला जाणं तिने सोडलं ते बाळूपायीच. एका वर्षी पालखी अंगणात आली, ढोल कडाडले आणि बाळू नाहीसा झाला. सगळ्या वाडीत शोधाशोध. शेवटी गोठ्यात गवताखाली कान दाबून पडलेला सापडला. मावशी त्याच्याजवळ गवतातच बसून राहिली, पालखी दुसऱ्या वाडीत जाईपर्यंत. तेव्हा कोणीतरी भावकीतलं म्हणालं, "तेका घराक ठेवन येवचा होता." घरी कोणाकडे ठेवून यायचं होतं, ते मात्र त्या माणसाने सांगितलं नाही. मावशी दुसऱ्या दिवशी मुंबईला परतली. पुढच्या वर्षी तिने आम्हाला जमवलं आणि जाहीर केलं, "आपला शिमगा आता तळ्याकाठी. देवाला पाय आहेत, येईल तिथे."

आम्ही तीन घरं. मुलुंडचा मी आणि माझी बायको वृषाली. घाटकोपरचा मावसभाऊ नंदू आणि त्याची बायको मेधा. अंधेरीची शीतल, नंदूची बहीण, आणि तिचा नवरा. अधिक आमची पोरं. तळ्यावर बाकीच्या तंबूंतली मंडळी गिटार घेऊन, भाजायचं चिकन आयतं मसाला लावून आलेली असायची. मावशी विळी घेऊन यायची. नारळ, कुळथाची पिठी, सोलं, सुका बांगडा, सगळ्या डब्यांवर चिकटपट्ट्या आणि त्यावर तिच्या अक्षरात नावं. पहिल्याच वर्षी तिथला मिशीवाला वनरक्षक आडवा आला. म्हणाला, "आजी, सुकी मासळी आत नाही नेता येणार, माकडं येतात."

"माकडं मासळी खातात?" मावशीने विचारलं.

"वास येतो ना."

"मग माकडांना सांग, वास घ्या आणि जा."

संध्याकाळी तोच वनरक्षक आमच्यात मांडी घालून बसला होता आणि पिठीत भात कालवत होता. तिखट लागल्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं. मावशी त्याला वाढत होती आणि त्याच्या बायकोचं माहेर कुठलं हे विचारून घेत होती.

त्या पहिल्या वर्षी बाळू आमच्या वाट्याला आला होता. जेवणं झाली, तळ्यावरून वारा सुटला, काठाच्या सावरीची लाल फुलं गवतात टपटपत होती. मावशीने बाळूला आमच्या तंबूपाशी आणलं. त्याने तिच्या गाऊनची बाही घट्ट धरलेली. तिने एकेक बोट सोडवलं आणि हात लांब करून दाखवलं. "हा तुझा तंबू. माझा तिकडे. तळ्यावर आलं की आई तिकडे. काय? आई कुठे?" बाळू रडायला लागला. ती पुन्हा म्हणाली, "आई कुठे?" असं तिने त्याच्याकडून म्हणून घेतलं, मुलाकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं, शेवटी तो हुंदके देत "आई तिकडे" म्हणेपर्यंत. मला ते बघवेना. मी म्हटलं, "मावशी, राहू दे ना गं. आजच्या दिवस झोपू दे तुझ्याजवळ."

"तू गप," ती म्हणाली. "मी मेल्यावर काय बोलावणं पाठवणार आहेस मला?"

आणि ती आमच्याकडे पाठ करून, आपल्या तंबूपुढे खुर्ची टाकून बसली. तो आतून हाका मारत होता आणि ती वळून बघत नव्हती. तळ्याकडे बघून काय बघत होती कोण जाणे, काळोख झाला होता.

झोपण्यापूर्वी बाळू विचारायचा, "उद्या काय?" त्याला "उद्या चहा-बटर" असं उत्तर लागायचं. वृषालीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ती बिचारी हौसेने म्हणाली, "उद्या पोहे!" झालं, बाळू उठून बसला. समजूत घालून वृषाली थकली, मी थकलो, तो बसलेला तो बसलेलाच. सकाळी मावशी चहा घेऊन आली आणि तिची तोंडी परीक्षा सुरू झाली. उठला का मध्ये? चादर फेकली? वृषाली चिडली का? चिडली असेल तर सांग, राग नाही. वृषालीचे डोळे झोपेने तांबारलेले, ती म्हणाली, "नाही हो मावशी, छान झोपला." मावशीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कप पुढे केला.

वर्षं जात राहिली तसा बाळू सरावला. रडणं थांबलं. उलट त्याला त्या नियमाचा अभिमानच वाटायला लागला. शेजारच्या तंबूतल्या परक्या माणसांनाही तो हात लांब करून सांगायचा, "आई तिकडे!" सांगून खूश व्हायचा. मावशीही खूश व्हायची. "बघ, शिकला की नाही?" आम्ही म्हणायचो, "शिकला." काय शिकला हे मनात आलं की मी दुसरा विषय काढायचो.

शनिवारी दिवेलागणीला मावशी पाण्याकाठी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची. गावी हे काम पुरुषांचं. इथे तिच्याशिवाय कोणाला येत नव्हतं, त्यामुळे प्रश्नच आला नाही. ती एकेक मागणं मागायची आणि आम्ही सगळ्यांनी मागून मोठ्यांदा "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. पोरांना ते फार आवडायचं. सगळ्यात मोठा आवाज बाळूचा. माणसांचा आवाज त्याला कितीही मोठा चालायचा, ढोल तेवढा नको.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तळ्याच्या काठार तुझी लेकरां जमली हत, तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या नंदूची बदली नागपूराक करूक बघतत, ती थांबव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शीतलच्या मुलीची बारावी, माझ्या आईचं दुखणं, असं एकेक मागून व्हायचं. मग एका वर्षी एवढं मागून झाल्यावरही मावशीने नारळाला हात लावला नाही. घसा खाकरला आणि म्हणाली, "आणि माझ्यामागे ह्या बाळूक जो कोण आपल्या घरात घेतलो, तेच्या घरात कधी काय कमी पडू दिव नको रे म्हाराजा!"

आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी, एका सुरात, नेहमीसारखं. जिभेला वळणच पडलेलं होतं. तिने काय मागितलं ते माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा नारळ फुटून खोबरं वाटून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी खोबरं खवत बसली होती आणि गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मला तेव्हाच कळलं. मी जवळ जाऊन बसलो तर म्हणाली, "काल बरं वाटलं रे. इतकी वर्षं तोंड उघडवत नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी हो म्हटलंत, ओझं उतरलं. आता आपापसांत ठरवा. कायमचा कोणाकडे ठेवा, नाहीतर वर्ष वाटून घ्या तिघांत. मला चालेल."

वृषाली चहाचे कप विसळत होती, तिचे हात थांबले. नंदूने चपलेने माती उकरायला सुरुवात केली. शेवटी मेधा पुढे आली. आमच्यात धीट तीच. मावशीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मावशी, राग नका मानू. गाऱ्हाण्याला सगळेच व्हय म्हणतात. ते देवाला म्हटलं होतं."

"आणि मधे मी उभी होते ती कोण?"

मेधाला रडू आलं. रडत रडत तिने सांगितलं, जे खरं होतं तेवढंच. तिचे वडील अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्याकडेच होते, हॉलमध्ये त्यांची कॉट. मुलगा स्वयंपाकघरात अभ्यास करायचा. ती आणि नंदू दोघंही सकाळी सातला बाहेर पडायचे ते दिवे लागल्यावर घरी. बाळूला दिवसभर कोण बघणार? शीतल म्हणाली, "मावशी, आमच्या बाजूलाच ढोलपथकाची प्रॅक्टिस असते गं, महिनोन्महिने." माझ्या घरी आई अंथरुणाला खिळलेली, हे मावशीला सांगायची गरज नव्हती, तिचीच बहीण ती. कोणीही खोटं बोलत नव्हतं. तेच वाईट होतं. एकजण जरी खोटं बोलला असता तर त्याच्यावर तरी चिडता आलं असतं.

मावशीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. विळीच्या पात्यावरचं खोबरं बोटाने निपटलं आणि म्हणाली, "बरं. पुढचं बोला."

तिकडे बाळू दोरीवरचे टॉवेल काढत होता, आमचे, शेजारच्यांचे, सगळ्यांचे, आणि गवतावर घड्यांची चळत लावत होता. शेजारचे लोक आमच्याकडे बघत होते, हे आपलं सामान परत मागावं की नाही अशा चेहऱ्याने. जाऊन टॉवेल परत द्यायचं काम मला मिळालं आणि मला हायसं वाटलं. तेवढं एक मला जमण्यासारखं होतं.

त्यानंतर मावशीने आम्हाला काही विचारलं नाही. रुसली नाही, टोमणा मारला नाही. गणपतीला तेच मोदक, तेच ओरडणं. त्याच सुमारास तिच्या हृदयाचं दुखणं निघालं, जिना चढताना मधे बसायला लागली. आणि मग एक दिवस तिने कळवलं की बदलापूरच्या पुढे एक संस्था आहे, बाळूसारखी माणसं तिथे कायमची राहतात, तिने चार-पाच ठिकाणं पाहून ती पक्की केली आहे, आणि रविवारी मी गाडी घेऊन यावं. कधी शोधली, कोणाबरोबर जाऊन पाहिली, एकटीच गेली की काय, हे मी विचारलं नाही. त्या रविवारी बाळू संस्थेच्या फाटकातून आत गेला तो आपली पिशवी स्वतः उचलून. वळून आम्हाला हात केला. मावशी म्हणाली, "रडला नाही, बघितलंस? दुसऱ्यांची मुलं किती रडत होती." परतीच्या वाटेवर ती बोरिवलीपर्यंत बोलत होती. तिथल्या बायका स्वच्छ आहेत, कुकर लांबच्या शेडमध्ये लावतात, आवाज येत नाही. मी हं-हं करत होतो.

पुढच्या शिमग्याला फोन आला. आवाज खाली आलेला, पण हुकूम तोच. "शनिवारी निघायचं. बाळूला दोन दिवस सोडणार आहेत. वाटेत त्याला घ्यायचं."

मी विचारलं, "यंदा कोणाच्या तंबूत?"

"माझ्या," ती म्हणाली. मग लगेच, कोणी हरकत घेतल्यासारखी, "काय झालं? आता कसली परीक्षा? दोन दिवस झोपेल माझ्याजवळ."

बाळू छान झाला होता. केस बारीक कापलेले, अंग जरा भरलेलं. गाडीत तो मला खोलीतल्या दिनेशबद्दल सांगत होता. मावशीचं अंग मात्र उतरलेलं, बांगड्या कोपरापर्यंत मागे जात होत्या. यावेळी विळी नव्हती, मेधाने घरूनच सगळं करून आणलं होतं. डॉक्टरांनी तिला दगदग नको म्हणून बजावलं होतं, पण तंबू तिने स्वतः उभे राहून ठोकून घेतला. घरून मोठी गोधडी आणली होती आणि बाळूची जुनी उशी. दुपारपासून तीनदा आत जाऊन काहीतरी नीट करून आली. आम्ही आपले बघून न बघितल्यासारखं करत होतो.

जेवणं झाली. मावशी उठली, म्हणाली, "चल बाळू, झोपायला."

बाळूने पिशवी उचलली आणि गेल्या वर्षीसारखा नंदूच्या तंबूकडे निघाला.

"अरे, इकडे. यंदा इकडे."

बाळू थांबला. मान हलवली. "आई तिकडे."

"हो रे राजा, पण यंदा आई नि बाळू एकत्र. चल."

"नाय. आई तिकडे." ती चुकते आहे याचं त्याला वाईट वाटलं असावं. तो परत आला, तिचं मनगट धरलं आणि तिला गवतातून चालवत तिच्या तंबूपर्यंत घेऊन गेला. हळूहळू, तिला धाप लागत होती म्हणून की काय, मधे थांबत. तिला आत बसवलं. आत दोन अंथरुणं घातलेली होती, त्याने ती पाहिली, उशी थोपटली, आणि बाहेर येऊन तंबूची चेन वरपासून खालपर्यंत ओढली. मग नंदूच्या तंबूत जाऊन पडला.

नंदू कासावीस झाला. चेनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "मावशी, मी समजावतो त्याला. आणतो. दोन मिनिटांत आणतो."

"नको," ती आतून म्हणाली. "तेका हात लावू नको. मीच शिकवलंय."

मेधाने माझा दंड धरला होता आणि धरलाय हे तिलाही कळत नव्हतं. आत दिवा होता. तंबूच्या कापडावर मावशीची सावली दिसत होती. ती गुडघ्यांवर बसून बाळूचं अंथरूण गुंडाळत होती.